फांदीवरचा घाव मुळापर्यंत



कतारगाम म्हटले की आज लोकांच्या डोळ्यांसमोर हिऱ्यांचे कारखाने उभे राहतात. पण सुरतेच्या जुन्या माणसाला विचारा, तो आधी पापडीचे नाव घेईल. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पिकणारी कतारगामची पापडी नसेल तर उंधियू कसला, असे तो म्हणेल. त्या वाड्या आता राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी इमारती आल्या. तरी आमच्या आवारात कुंपणालगत दोन वाफ्यांपुरती मोकळी माती शिल्लक आहे आणि तिच्यात आम्ही दर वर्षी थोडी पापडी व थोडा पालक लावतो. या दोन वाफ्यांनी गेल्या वर्षी आम्हांला एक धडा शिकवला. आपल्यापैकी पुष्कळांची शेती नवापूर, शहादे, साक्री अशा बाजूला आहे आणि त्यांच्या बांधांवर झाडे आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून तो येथे मांडीत आहोत.

आमच्या कुंपणाला गिरिपुष्पाची नऊ झाडे आहेत. काही लोक या झाडाला उंदीरमारी म्हणतात. त्यांची सावली वाफ्यांवर पडू लागली, म्हणून भाद्रपदात, पापडी टोकण्यापूर्वी, आम्ही ती छाटावयास सांगितली. "छाटा" एवढेच म्हणालो. किती छाटा, ते सांगितले नाही. सहा झाडे गुडघाभर उंचीच्या खुंटांपर्यंत खाली आली. एवढ्यात पाऊस आला, कोयता थांबला आणि उरलेल्या तीन झाडांवर प्रत्येकी एक-दोन फांद्या राहून गेल्या. तोडलेला पाला आणि काटक्या सगळे एकत्र बारीक करून आम्ही वाफ्यांत पुरले. फुकटचे खत मिळाले म्हणून समाधानही वाटले. पुढे महिन्याभरात पालक पिवळा पडला आणि खुरटला. पापडीही पहिले काही आठवडे फिकट होती, मग हळूहळू सावरली. फांदी राहिलेल्या तीन झाडांनी पंधरा दिवसांत जोमाने फुटवा धरला. सहा खुंटांपैकी चार उशिरा फुटले. दोन फुटलेच नाहीत.

"फादर, वरचं तर दिसलंच. खाली काय झालंय ते बघितलं का?" असे एका वयस्क शेतकरी काकांनी विचारले आणि स्वतःच खुरपे हाती घेतले. खुंटाजवळची माती त्यांनी हलकेच उकरली. तेथली बारीक मुळे काळपट झाली होती, ओढताच तुटत होती. त्यांच्यावरच्या गाठी मऊ आणि पोकळ होत्या. फांदी राहिलेल्या झाडाजवळ उकरले तेव्हा मुळे पांढरट दिसली, गाठी घट्ट लागल्या, आणि नखाने फोडल्यावर आतून तांबूस निघाल्या.

नऊ झाडांवरून सिद्धांत बांधता येत नाही, हे आम्हांला कळते. परंतु याच प्रश्नावर निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी जे काम केले आहे ते वाचल्यावर काकांचे खुरपे नेमक्या जागी पडले होते, अशी आमची खात्री झाली. फांदीवर घाव घातला की तो खाली मुळांना लागतो, आणि मुळांमार्फत मातीतल्या सूक्ष्म जिवांना लागतो. हे कसे घडते, ते आता क्रमाने पाहू.

पानांचे स्वयंपाकघर, मुळांजवळची पंगत

झाडाचे अन्न मातीत तयार होत नाही. मातीतून पाणी आणि क्षार वर येतात. अन्न शिजते ते पानांत, सूर्यप्रकाशावर. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांपर्यंत पोहोचते. मुळे तिच्यातला काही भाग वाढीसाठी वापरतात आणि काही भाग बाहेर मातीत पाझरू देतात. साखर, निरनिराळी आम्ले, नत्रयुक्त द्रव्ये, मुळांच्या टोकांवरून सुटणारा चिकट पदार्थ, असे पुष्कळ काही त्या पाझरात असते. गहू-भातासारख्या तृणधान्यांत पानांनी कमावलेल्या कर्बापैकी साधारण २० ते ३० टक्के भाग जमिनीखाली जातो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

इतकी कमाई खाली का जावी? कारण मुळांभोवती जिवांची एक मोठी पंगत बसलेली असते. साध्या शेतातील एक ग्रॅम मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, कोट्यवधी जिवाणू असतात. मुळाला लागून असलेल्या मातीत त्यांची संख्या याच्याही कित्येक पट असते. १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने मुळाभोवतीच्या या पातळ थराला 'रायझोस्फिअर' असे नाव दिले. आपण त्याला मुळांचा शेजार म्हणू. मूळ जेवू घालते आणि हा शेजार त्याची परतफेड करतो.

या शेजाऱ्यांचे मुख्यतः तीन गट आहेत. पहिला गट कुजवणाऱ्यांचा. हे जिवाणू आणि बुरशी पालापाचोळा, शेणखत, मेलेली मुळे कुजवून त्यांतील नत्र व इतर द्रव्ये पिकाला घेता येतील अशा रूपात मोकळी करतात.

दुसरा गट मुळांशी सोयरीक करणाऱ्या बुरशीचा. १८८५ साली फ्रँक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने या सोयरिकीला 'मायकोरायझा' हे नाव दिले. या बुरशीचे धागे मुळाच्या केसांहूनही बारीक असतात. जेथे मूळ शिरू शकत नाही अशा फटींत ते शिरतात, तेथून स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. आंबा, चिकू, द्राक्ष, पापडी या सगळ्यांच्या मुळांवर अशी बुरशी नांदते. तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिची सारी भिस्त झाडाच्या पानांवर असते.

तिसरा गट आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तूर, हरभरा, पापडी यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू याच गटातले. १८८८ साली हॉलंडच्या बेयेरिंक या शास्त्रज्ञाने ते गाठींतून वेगळे करून दाखवले. हवेतला नत्र पकडून ते झाडाला देतात. हे काम फार खर्चाचे आहे. त्यासाठी गाठीला साखरेचा अखंड पुरवठा लागतो. चालू असलेली गाठ आतून तांबूस दिसते, कारण तिच्यात आपल्या रक्तातील लाल द्रव्याच्या जातीचे एक द्रव्य असते. बंद पडलेली गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी होते आणि मऊ पडते.

गाठी पिकांवरच असतात असे नाही. गिरिपुष्प, पांगारा, शेवरी, हादगा, बाभूळ, सुबाभूळ, शिरीष, करंज या झाडांच्या मुळांवरही त्या असतात. मात्र शेंग दिसली की गाठ असणारच, असे समजू नये. चिंच आणि बहावा यांना शेंगा येतात, पण गाठी येत नाहीत.

झाडाचा आणि मातीचा एक श्वास

पंगत पानांच्या कमाईवर चालते हे खरे. पण ती आजच्या कमाईवर चालते की कोठारात साठवलेल्या धान्यावर? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोठारावर चालत असेल, तर चार फांद्या तोडल्याने लगेच काही बिघडणार नाही.

याचे उत्तर उत्तर स्वीडनमधील पाइनच्या जंगलात केलेल्या एका मोठ्या प्रयोगाने दिले. त्याचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी झाडांच्या खोडावरची साल कड्यासारखी सभोवार काढून टाकली. पाणी लाकडातून वर जात राहिले, पाने हिरवीच राहिली. फक्त सालीतून खाली उतरणाऱ्या साखरेची वाट बंद झाली. मातीतून बाहेर पडणारा कर्बवायू, म्हणजे जणू मातीचा श्वास, ते मोजत राहिले. पाच दिवसांत तो ३७ टक्क्यांपर्यंत घटला. एक-दोन महिन्यांत सुमारे ५४ टक्क्यांनी खाली आला. हा श्वास मुळे, त्यांच्यावरची बुरशी आणि भोवतालचे जिवाणू या सर्वांचा मिळून असतो. म्हणजे या जिवांचा निम्म्याहून अधिक व्यवहार पानांनी नुकत्याच केलेल्या कमाईवर चालला होता.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. मुळांच्या शेजाऱ्यांचा आड वर, पानांत आहे. छाटणीत साल कापली जात नाही, हे खरे. परंतु पानेच काढून टाकली, तर वाट मोकळी असूनही तिच्यावरून येणार काय?

छाटणीनंतरचे दिवस

येथे हलकी छाटणी आणि भारी छाटणी यांत भेद केला पाहिजे.

हलक्या छाटणीने मुळांचा पाझर काही काळ वाढूही शकतो. गवतावर केलेल्या एका अमेरिकन प्रयोगात, त्याचाही वृत्तांत २००१ सालचाच आहे, असे दिसले की पाती कापल्यावर मुळांनी मातीत अधिक अन्न सोडले, जिवाणू वाढले, त्यांनी नत्र मोकळा केला आणि तो पुन्हा गवताच्याच कामी आला. गुरांनी शेंडा खुडलेले गवत भराभर का फुटते, याचे एक कारण यात आहे. गवताचा नियम जसाच्या तसा झाडाला लावता येणार नाही. तरीही थोडे कापणे आणि सगळे कापणे यांचे परिणाम निरनिराळे होतात, हे ध्यानात ठेवावे.

भारी छाटणीत झाडासमोर निकडीचा प्रश्न उभा राहतो. पाने गेली, रोजची कमाई थांबली. आता नवी पाने काढावयाची तर खोडात आणि जाड मुळांत साठवलेला पिष्ट पदार्थच बाहेर काढला पाहिजे. ही पुंजी झाड फुटव्यावर खर्च करते. घरात आणीबाणी आली की आपण आधी पाहुण्यांचा पाहुणचार आवरता घेतो. झाडही तेच करते. मुळांचा पाझर आटतो. धाग्याएवढी बारीक मुळे सांभाळणे परवडत नाही, म्हणून त्यांतली पुष्कळशी मरतात.

मग मातीत प्रथम मेजवानी होते आणि मागून उपवास येतो. मेलेली बारीक मुळे आणि गळालेल्या गाठी कुजवणाऱ्या जिवाणूंना आयतेच खाद्य मिळते. काही काळ त्यांची चंगळ असते आणि मातीत थोडा नत्रही मोकळा होतो. परंतु ताज्या साखरेवर जगणारे जे शेजारी, म्हणजे मायकोरायझाची बुरशी आणि गाठींतले जिवाणू, त्यांची आबाळ सुरू होते. झाड नव्या पानांनी पुन्हा भरेपर्यंत ती संपत नाही.

गाठींविषयी तर स्पष्ट पुरावा आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात आपल्या पांगाऱ्याच्या कुळातील एक झाड कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात आणि ठरावीक काळाने छाटतात. शास्त्रज्ञांनी त्या झाडांची मुळे वरचेवर तपासली. सगळी पाने काढलेल्या झाडांच्या गाठी छाटणीनंतर मरून गेल्या, आणि नवी पालवी चांगली वाढेपर्यंत कित्येक आठवडे नव्या गाठी जवळजवळ दिसल्याच नाहीत. पुढे दुसरी रीत तपासून पाहिली गेली: सगळे झाड बोडके न करता त्यावर एखादी फांदी राखावयाची. अशा झाडांची बारीक मुळे व गाठी अधिक चांगल्या टिकल्या. आमच्या आवारात पावसाने जे अपघाताने घडवले, ते तेथे जाणूनबुजून केले जात होते.

याला आणखी एक गोष्ट जोडून येते, ती उन्हाची. झाडाची छत्री गेली की ऊन थेट जमिनीवर पडते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर ५० अंशांच्या पुढे तापतो. बारीक मुळे आणि बहुतेक सूक्ष्म जीव या वरच्या वीतभर मातीतच दाटीने राहतात. अन्न तुटलेले आणि वर आग, असा दुहेरी मार भर उन्हाळ्यात केलेल्या छाटणीने बसतो.

मग छाटूच नये काय?

असा अर्थ कोणी काढू नये. शुभवर्तमानातील द्राक्षवेलीमुळे छाटणी ही गोष्ट आपल्याला परकी नाही. शेतकऱ्याला तर ती नाहीच नाही. बांधावरच्या झाडाखाली पीक दबते, म्हणून आपले वाडवडील फांद्या उतरवीत आले. त्यात शहाणपण होते. छाटणीने पिकाला ऊन मिळते. झाडाची बारीक मुळे काही काळ कमी झाल्याने पाण्यासाठी पिकाशी होणारी त्याची ओढाताण कमी होते. पाला आणि मेलेली मुळे यांतला नत्र पिकाला मिळतो. गिरिपुष्पाच्या वाळलेल्या पाल्यात सुमारे ३ टक्के नत्र असतो. हिरवळीचे खत म्हणून त्याची शिफारस होते ती उगीच नव्हे. पानमळ्यात नागवेलीला आधार आणि सावली देणाऱ्या शेवरी-पांगाऱ्याची छाटणी तर वेलीच्या हितासाठीच करतात.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांचे उदाहरण घ्या. तेथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. दोन्ही वेळा वेल जवळजवळ बोडका होतो. तरी तो टिकतो, कारण जाणता बागाईतदार द्राक्षे उतरल्यावर लगेच कात्री चालवीत नाही. तो वेलीला काही आठवडे विश्रांती देतो. त्या काळात पाने काम करीत राहतात आणि खोडा-मुळांत पुंजी साठते. पुढचा फुटवा त्या पुंजीवर येतो. घाव घालण्यापूर्वी झाडाची शिदोरी भरलेली आहे की नाही हे पाहावे, एवढे आपण द्राक्षबागेकडून शिकावे.

म्हणजे कोयता वापरू नये असे नाही. तो मोजून वापरावा. मातीतल्या जिवांना थोडी उपासमार सोसते. एकाच झाडाला बोडके करून, ते सावरण्यापूर्वी पुन्हा बोडके केले, की दर वेळी पुंजी कमी पडत जाते आणि शेवटी खुंट वाळतो. अशा झाडाला आपण 'कीड लागली' म्हणतो. कीड मागून येते. उपासमार आधीची असते.

पाला वेगळा, काटक्या वेगळ्या

आता आमच्या पिवळ्या पालकाचे कोडे सोडवू. चूक झाली ती काटक्या मातीत पुरल्यामुळे. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब हवा तसा नत्रही हवा. कोवळ्या पाल्यात दोन्ही बेताचे असतात, म्हणून पाला झटपट कुजतो आणि वर पिकासाठी नत्र उरतो. लाकडात कर्ब उदंड आणि नत्र नावापुरता. लाकडाचे तुकडे मातीत मिसळले की जिवाणू ते खाण्यासाठी मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. पालक त्यामुळे पिवळा पडला. पापडीच्याही मुळांना सुरुवातीला तोच उपवास घडला. पण गाठी धरल्यावर तिने हवेतून आपली सोय केली आणि ती हिरवी झाली. हा नत्र कायमचा नाहीसा होत नाही. लाकूड कुजले आणि जिवाणू मेले की तो हळूहळू परत येतो. परंतु तोवर आपल्या पालेभाजीचा हंगाम निघून गेलेला असतो.

काटक्या पुरण्याऐवजी जमिनीवर पसरल्या तर मात्र अपाय होत नाही. मातीशी त्यांचा संबंध वरवरचा राहतो, ओल टिकते, ऊन अडते, आणि बुरशी सावकाश आपले काम करते.

जाळणे मात्र टाळावे. ठाणे, रायगड, डांग या भागांत भाताच्या रोपवाटिकेसाठी ऐनाच्या फांद्या तोडून राब भाजण्याची जुनी रीत आहे. रानातल्या अशा हक्कांवरून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी एक आयोग नेमावा लागला होता. राबाने तण मरते आणि राखेतून पालाश मिळतो, म्हणून ती रीत टिकली. परंतु पाल्यातला बहुतेक नत्र धुरावाटे जातो, आणि वरच्या थरातील सूक्ष्म जीव भाजून निघतात. बांधावरच्या छाटणीचा ढीग झाडाच्या बुंध्याशीच पेटवणे म्हणजे ज्याला आधीच उपाशी ठेवले त्याच्या घराला आग लावण्यासारखे आहे.

छाटणी करताना

वरील विवेचनातून जे हाती लागते ते थोडक्यात असे:

१. झाड कधीही पूर्ण बोडके करू नका. गिरिपुष्प, पांगारा, शेवरी यांच्यावर निदान एक-दोन पानांनी भरलेल्या फांद्या राखा. आंबा, चिकू यांसारख्या मोठ्या झाडांची एका वर्षात पानांच्या चौथ्या हिश्शाहून अधिक छाटणी न करणे बरे. जुन्या आंब्याचे नूतनीकरण करावयाचे असेल, तर ते कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने करावे.

२. बांधावर रांग असेल तर एकाआड एक झाड छाटा. उरलेली झाडे दोन-अडीच महिन्यांनी घ्या. त्यामुळे बांधाच्या मातीत कोणाची ना कोणाची पंगत चालू राहील.

३. भर उन्हाळ्यात भारी छाटणी टाळा. जमिनीत ओल असताना आणि झाड पानांनी भरलेले असताना छाटलेले झाड लवकर सावरते. पाला खत म्हणून हवा असेल तर पिकाच्या गरजेची वेळ साधा. ओल्या जमिनीत गिरिपुष्पाचा पाला काही आठवड्यांतच कुजतो, आधी घातला तर त्यातला नत्र पावसाबरोबर वाहून जाईल.

४. पाला आणि काटक्या वेगळ्या करा. पाला पिकाला द्या. बारीक काटक्या बुंध्यापासून हातभर अंतर सोडून जमिनीवर पसरा. जाड लाकूड चुलीला ठेवा.

५. छाटल्यावर लगेच बुंध्याभोवती खोल खणू नका. बारीक मुळे आधीच घटलेली असतात. उरलेली कुदळीने तोडू नका. बेताचे पाणी आणि आच्छादन पुरे. फुटवा यावा म्हणून युरियाचा मारा करू नका. मातीत नत्र फार झाला की गाठी धरत नाहीत, आणि तो घेण्यास पुरेशी मुळेही नसतात.

६. काप धारदार करवतीने, स्वच्छ घ्या; साल सोलू देऊ नका. आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद लोखंडी वा पत्र्याच्या भांड्यात कालवू नये.

७. पहिल्या छाटणीनंतर झाड पुन्हा पानांनी भरले आहे, फांद्या पिकट झाल्या आहेत, हे पाहिल्यावाचून दुसरी छाटणी करू नका.

शहरात राहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पावसाळ्यापूर्वी तारांच्या खाली रस्त्यावरची झाडे छाटली जातात. ते टाळता येत नाही, आणि तारांजवळच्या फांद्यांना आपण स्वतः हात लावूही नये. परंतु आपल्या दारच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतू न देणे आपल्या हाती आहे. वरून पाने गेली आणि खालून हवा-पाणी बंद झाले, तर त्या मातीत जगणाऱ्या जिवांना कोणताच आधार उरत नाही. बुंध्याभोवती दोन हात माती मोकळी ठेवावी आणि अंगणातला पाचोळा झाडून कचऱ्यात टाकण्याऐवजी तेथेच टाकावा.

खुरप्याची परीक्षा

हे सगळे खरे की खोटे, याची परीक्षा घरच्या घरी करता येते. छाटणीपूर्वी गिरिपुष्पाच्या किंवा शेवरीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर माती हलकेच उकरा. बारीक मुळांचा रंग पाहा, गाठी मोजा, एक-दोन फोडून आतला रंग पाहा. मग माती पुन्हा सारखी करा. छाटणीनंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूस असेच उकरा, आणि पुढे पालवी भरल्यावर पुन्हा एकदा. एक झाड पूर्ण छाटलेले आणि एक फांदी राखलेले, असे दोन्हीजवळ पाहिलेत तर कोणाच्या लेखाची गरज उरणार नाही. मुलांना बरोबर घ्या. तांबूस गाठ त्यांनी एकदा पाहिली की ती विसरत नाहीत.

यंदा आमच्या कुंपणाला सातच झाडे आहेत. वाळलेले दोन खुंट काढून तेथे नव्या फांद्या रोवल्या आहेत. त्या जगतात की नाही ते कळावयाचे आहे. छाटणीच्या दिवशी काका स्वतः कोयत्याजवळ उभे राहिले. राखावयाच्या फांद्यांना त्यांनी सुतळी बांधून ठेवली होती, म्हणजे कापणाऱ्याला विचारावे लागू नये. पाला वाफ्यांत गेला, काटक्या कुंपणाशी पसरल्या. या वेळी पालक हिरवा आहे.